फुलोरा म्हणजे

कलम सात, पोटकलम दोन.
ल्युब्लियाना, तिसरा मजला, मार्चची सर्दी,
आणि आम्ही चौघं सकाळपासून
एका शब्दाशी अडलेलो.

"फुलोऱ्यातल्या झाडांवर दिवसा फवारणी करू नये."
इथवर सगळ्यांच्या माना डोलतात.
मग वकीलसाहेब चष्मा पुसत विचारतात,
फुलोरा म्हणजे किती?
एक फूल? शंभरात दहा?
कळी अर्धी उघडली तर ती कोणाच्या बाजूची?
आणि दिवस म्हणजे?
सूर्य गेल्यावर जो उजेड रेंगाळतो
तो कोणाच्या खात्यात मांडायचा?

माझ्या वडिलांच्या बावीस पेट्या होत्या.
प्रत्येकीच्या तोंडावर चित्र :
कुठे अस्वल, कुठे लग्नाची वरात,
एकीवर सैतान, बाईची जीभ
सहाणेवर धार लावत बसलेला.
मला बघून वडील त्याच पेटीकडे बोट दाखवायचे.
संध्याकाळी ते लाकडाला कान लावून उभे राहत.
"आल्या सगळ्या," म्हणत, "संपला दिवस."

ही व्याख्या मला मसुद्यात घालता आली नाही.

आमच्या भाषेत गाय मरते, कुत्रं मरतं,
मधमाशी मात्र वारते,
माणसासाठी राखलेलं क्रियापद तिला मिळतं.
एका मे महिन्यात, शेजारच्या बागेत
भर दुपारी पंप चालला,
आणि दुसऱ्या सकाळी दारांपुढे
चहाच्या चोथ्यासारखा काळसर थर.
खराटा हाताशी होता.
वडिलांनी ओंजळीनं भरल्या.
मी नऊ वर्षांची, बादली धरून.

म्हणून चार शब्द मी हट्टानं घुसवले :
"झाडाखालचं फुललेलं गवत धरून."
कारण सफरचंद झडून गेल्यावरही
खाली रेगरात पिवळीजर्द असते,
जिची कोवळी पानं आम्ही वसंतात
उकडलेल्या बटाट्याबरोबर खातो,
आणि जिला कोणी पीक म्हणत नाही.
चार शब्द राजपत्रात छापून आले.
मी तो अंक घरी नेला. दाखवायला कोणी नव्हतं.

मग मे. निरीक्षक वोयकोबरोबर
पोटोचनिकांच्या बागेत, उतरत्या उन्हात.
आल्बिन पोटोचनिक दारातच उभे,
हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं माझं कलम,
माझे चार शब्द हिरव्या शाईनं अधोरेखित.
"नियमाप्रमाणे," ते म्हणाले,
"खाली आता एकही फूल नाही."

खरंच नव्हतं.
दुपारीच यंत्र फिरवून
सगळं गवत त्यांनी कापून टाकलं होतं.

राग यायला हवा होता.
पण त्यांनी आम्हाला आधी साइडर दिली,
मग पानांवरचे खपली रोगाचे डाग दाखवले,
सलग तिसऱ्या वर्षीचे,
आणि विचारलं, खोचकपणे नाही, खरोखरच विचारलं,
"मग काय करायचं ते तुम्हीच लिहा ना, बाई."
वोयकोनं फॉर्मवर लिहिलं : उल्लंघन नाही.

मी ओळींमधून चालत गेले.
कापलेल्या रेगरातीची डोकी
गवतात उताणी पडलेली, अजून पिवळी,
आणि त्यांच्यावर मधमाश्या.
मोडक्या देठांवर, उलट्या फुलांवर,
वाकून, धडपडत, कामात.
तुटलेलं फूल किती वेळ फूल असतं,
हे तिसऱ्या मजल्यावर
कोणीच विचारलं नव्हतं.

फवारणीचं यंत्र बांधापाशी, टाकी भरलेली.
पोटोचनिकांनी घड्याळ पाहिलं :
सूर्यास्त होऊन गेला, वर अर्धा तासही झाला,
कायद्याचा दिवस संपला होता.

मी म्हटलं, थांबा जरा.
कुठल्या अधिकारात, ते त्यांनी विचारलं नाही.
माझ्याकडे उत्तरही नव्हतं.
त्यांनी किल्ली खिशात टाकली
आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले,
गुडघे वाकवून गवतात बघत.

"ती एक राहिलीय," ते म्हणाले,
"तिथे. अजून आहे."